आत्याबाईंनी सोडलेला चहा

मे महिन्यातला दुसरा बुधवार, पाण्याचा दिवस. हजर: मी; हे, म्हणजे माझे यजमान; पाचोडहून उन्हाळ्यापुरत्या आलेल्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणते; आणि गल्लीच्या तोंडाशी व्हॉल्व्ह फिरवायला येणारा माणूस, तो येईलच या भरवशावर हजर धरलेला. गैरहजर: पाणी.

शाळेत वेळापत्रकाचं काम माझ्याकडे आहे. कोणता तास कुठं, कोण रजेवर, त्याच्या जागी कोण, हे मी पहिल्या घंटेआधी फळ्यावर लावते. त्यामुळे घरातही हजेरी घेतल्याशिवाय दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. पाण्याच्या दिवसाचा क्रम तर ठरलेलाच आहे. आधी पिण्याचं, मग स्वयंपाकाचं, मग टाकी, मग ड्रम, शेवटी बादल्या. मोटर यांनी लावायची, नळी मी धरायची. आत्याबाईंना काही काम दिलेलं नाही, पण त्या उंबऱ्यात बसून नळाकडे बघत राहतात. ते काम यादीत नसलं तरी त्या मनापासून करतात.

आज सगळे आपापल्या जागी उभे असताना गल्लीच्या ग्रुपवर निरोप आला. आज पाणी येणार नाही, आणि पुढील सूचनेपर्यंत पाण्याचा दिवस आणखी एक दिवसाने लांबेल.

"काय म्हणायलेत?" आत्याबाईंनी विचारलं.

"पुढच्या सूचनेपर्यंत असंच, म्हणतायत."

"म्हंजी कवापस्तोर?"

"ते त्यांनाही माहीत नाही."

"मग सांगायलेत कामून?" असं म्हणून त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. मी तशीच हातात नळी धरून उभी राहिले. पुढील सूचनेपर्यंत. याच अर्थाचं काहीतरी मी मागच्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात ऐकलं होतं, आणि ते पाण्याबद्दल नव्हतं.

तेव्हा माझी केमो संपली होती. ती कशी होती ते मला नीट सांगता येईल, कारण ती मोजता येत होती. इतके डोस, इतकं अंतर, मग केस जाणार, मग येणार. मी तक्ता करून कपाटाच्या दाराला आतून लावला होता आणि एकेक चौकोन भरत गेले. शेवटचा चौकोन भरला त्या दिवशी डॉक्टरबाईंना विचारलं, आता काय?

आजार स्तनातून निघून हाडात एका ठिकाणी पोचला होता, म्हणून पुढचं औषध वेगळं होतं. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीच्या मागं एक गोल काढला आणि त्याच्या कडेला बारीक खुंट्या काढल्या. माझ्या गाठीच्या पेशींवर अशा खुंट्या फार आहेत, हे औषध जाऊन तेवढ्यांनाच धरतं, बाकीच्यांच्या फार वाटेला जात नाही. केस जाणार नाहीत. दर तीन आठवड्यांनी यायचं, सलाईनमधून घ्यायचं, घरी जायचं. मला ते चटकन समजलं. आमचा व्हॉल्व्हवाला नाही का, सगळ्या कॉलनीची चावी हातात असून एकाच गल्लीचं चाक फिरवतो.

"किती डोस?" मी पेन उघडून विचारलं.

"जोपर्यंत काम करतंय तोपर्यंत."

"म्हणजे अंदाजे?"

"अंदाज नाही सांगत मी. तुम्ही येत राहा."

मी पेन बंद केलं. तक्त्याला शेवटचा चौकोनच नव्हता, मग तो आखायचा कसा? त्या दिवसापासून मला एक साधा प्रश्न पडत आलाय आणि त्याचं उत्तर मी वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळं देत आलेय. शाळेत विचारतात, "आता बऱ्या ना मॅडम?" मी म्हणते, "हो." बँकेतल्या बाई विचारतात, "ट्रीटमेंट चालू आहे का अजून?" मी म्हणते, "हो." दोन्ही हो खरे आहेत. केस पूर्वीपेक्षा कुरळे आले, पायऱ्या चढते, जिथं दोन पोळ्या खायची तिथं दोनच खाते. नाक मात्र सारखं गळतं, नखं चिरतात, पोटाचं कधी काय होईल सांगता येत नाही. मी आजारी माणसासारखी बरी आहे की बऱ्या माणसासारखी आजारी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

केमोचं कळलं तेव्हा आत्याबाईंनी चहा सोडला होता. देवीपुढं हात जोडून म्हणाल्या, सुनेचे डोस सरले की मगच घोट घेईन. ज्यांनी आत्याबाईंना पाहिलेलं नाही त्यांना यातली गोष्ट कळायची नाही. आत्याबाई म्हणजे चहा. पहाटे चहा-भाकरी, शेतातून आल्यावर चहा, पाहुणा आला म्हणून चहा, पाहुणा गेला म्हणून चहा. जावेशी भांडण झालं की तिच्याच हातचा चहा मागून घ्यायच्या आणि भांडण मिटायचं. तो सोडल्यावर पहिला महिनाभर त्यांची डोकेदुखी उतरत नव्हती. दीर फोनवर म्हणाले, "वैनी, तुम्ही लवकर बरं व्हा हो. म्हातारी सकाळपासून कोणाला ना कोणाला बोलायली."

मी हसले. तेव्हा डोस मोजता येत होते, म्हणून हसता आलं.

दिवसभराच्या वॉर्डात माझी खुर्ची खिडकीकडची. खिडकीतून बायपासकडच्या बाजूला एक इमारत उभी राहताना दिसायची. केमोच्या पहिल्या खेपेला नुसते खांब होते. पुढं दर दोन-तीन खेपांना एक मजला वाढलेला दिसायचा. त्या उन्हाळ्यात आमच्या शहराला पाणी देणाऱ्या नाथसागराचा तळ उघडा पडला होता. नव्या वसाहतींत टँकरसाठी बायका रांगा लावत होत्या, आणि त्या इमारतीच्या ताज्या स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवलेलं असायचं. उन्हात ते चकाकायचं. शेजारच्या खुर्चीत रुखसाना आपा बसायच्या. उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, माझंच औषध घेणाऱ्या, माझ्या आधीपासून.

"देखो बाजी," त्या म्हणायच्या, "ऊपर तालाब बनारे लोगां. नीचे पीने को नई."

"आपा, स्लॅबला पाणी दिलं नाही तर तडे जातात."

"हौ, तो हम को भी वही देरे. तडे जाना नक्को." आणि स्वतःच्या हाताला लावलेल्या नळीकडे बोट दाखवून त्या हसायच्या.

एकदा मी त्यांना विचारलं, तुमचे किती झाले, किती राहिले? आपांनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, परत लावला. वर्गात चुकीचा प्रश्न विचारणाऱ्या मुलीकडे मी जसं बघते तसं माझ्याकडे बघितलं.

"किते बचे, ये पूछने का नई बाजी. जिस दिन बोले ना कि बस, अब नई देते, उस दिन समझो दवा हार गई. चालू है ना? चालू रहने दो."

सिस्टर सलाईनचा वेग बघायला आल्या आणि बोलणं तिथंच थांबलं. पण मी घरी येईपर्यंत तेच घोळवत होते. मी शेवटच्या चौकोनाची वाट बघत होते, आणि तो चौकोन न येणं हेच माझ्या भल्याचं होतं. मग तिकडं पाचोडला एक म्हातारी रोज सकाळी देवीपुढं उभी राहून काय मागत होती? सुनेचे डोस संपू देत. माझं भलं मागताना ती नकळत नेमकं उलटंच मागत होती. तिला हे कसं सांगायचं? आणि सांगितलं तर तिचा चहा? डोस संपणारच नसतील तर तिनं तो जन्मभरासाठी सोडल्यासारखा झाला. मी यांना म्हटलं, तुमच्या आईला समजावून सांगा. हे म्हणाले, "तू सांग. तुला नीट मांडता येतं."

मला फळ्यावर मांडता येतं. ही गोष्ट कोणत्या तासाला मांडायची, ते कळेना.

हे औषध हृदयावर थोडा ताण आणू शकतं. म्हणून मधून मधून इको करायचा असतो. अंधारी खोली, थंडगार जेल, आणि पडद्यावर आपलंच काहीतरी उघडझाप करताना दिसतं. त्या उन्हाळ्याच्या मधोमध डॉक्टरबाईंनी इकोचा कागद बघितला आणि म्हणाल्या, पंपिंग जरा उतरलंय. आजचा डोस नको. महिन्याभरानं परत इको करू, मग बघू.

मी डबा, पाण्याची बाटली, शाल, वाचायला पुस्तक असं सगळं घेऊन गेले होते. आणि अकराच्या आत रस्त्यावर उभी. आजवर डोस घ्यायची भीती वाटायची, त्या दिवशी न घेतल्याची वाटत होती, आणि दोन्ही भीत्या एकाच जागी होत्या. शाळेला सुट्टी लागलेली होती, घरी कोणी नव्हतं. मी रिक्षात बसले आणि म्हटलं, औरंगपुरा. का, ते मलाही माहीत नव्हतं. यादीशिवाय मी औरंगपुऱ्याच्या बाजारात कधी गेलेली नाही. भर उन्हात त्या गर्दीत फिरत राहिले. एका दुकानात स्टीलची झाकणं घेतली, घरी त्या मापाचं भांडं नव्हतं. एका ठिकाणी परकराचं कापड बघितलं आणि दुकानदारानं "किती मीटर?" विचारल्यावर उत्तर न देता बाहेर आले. पाणपोईच्या रांजणात पाणी नव्हतं, त्यावर पालथा पेला ठेवलेला होता. मी तो उचलून बघितला आणि परत पालथा ठेवला. एक शाळकरी मुलगी "नमस्ते बाई" म्हणाली, तर मी तिला विचारलं, "आज तुझी परीक्षा नाही का?" मे महिना होता.

मी रिक्षातूनच यांना कळवलं होतं, आणि तोवर यांनी पाचोडला फोन केलेला होता. काय सांगितलं ते मी नंतर परत परत विचारलं. हे म्हणाले, "मी एवढंच म्हणालो, आज डोस दिला नाही, डॉक्टरनी थांबवलाय." त्यात एक शब्द खोटा नव्हता.

दुसऱ्या दिवशी दिरांचा फोन आला. आईनं पाच सवाष्णी सांगितल्यात, तुम्ही दोघं या.

पाचोडच्या अलीकडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना मोसंबीच्या बागा लागतात. त्या वर्षी बऱ्याच वाळल्या होत्या आणि लोकांनी झाडं तोडून बांधावर फाटी रचून ठेवली होती. आमच्या घरामागंही तसाच ढीग होता. त्याच्याच जळणावर पुरण शिजत होतं. टँकरचं पाणी, दोनदा गाळलेलं. सवाष्णींचे पाय धुवायला आत्याबाईंनी तांब्यातून इतकी बारीक धार सोडली की बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "काकू, पाय धुतेत का पायाला ठिपका लावतेत?" आत्याबाई म्हणाल्या, "गप बस. तुझे पाय लई मोठे हायेत, तुझ्याच पायात तांब्या सरला."

जेवणं झाली. माझी ओटी भरली. मग आत्याबाई चुलीपुढं बसल्या. मोसंबीचं लाकूड जळताना सालीसारखा किंचित कडवट वास येतो, त्या धुरात त्यांनी स्वतःच्या हातानं चहा केला. सगळ्यांना दिला. स्वतःचा बशीत ओतला आणि तसाच धरून बसल्या. फुंकर घातली नाही, पीत नव्हत्या. कोणीतरी म्हणालं, "घ्या ना काकू आता."

"घेते की," त्या म्हणाल्या. "इतके दिस थांबला त्यो, आता मलाच घाई कामून?"

मग त्यांनी घोट घेतला. डोळे मिटले. "लई गोड झालाय," म्हणाल्या. साखर त्यांनीच घातली होती. मी यांच्याकडे बघितलं. हे लिंबाच्या झाडाकडे बघत होते. मला बोलायचं होतं. आत्याबाई, डोस संपले नाहीत, नुसते थांबलेत. आणि ते परत सुरू व्हावेत म्हणून मी आतल्या आत धडपडतेय. पण त्यांच्या ओठाला बशी लागलेली होती. बशी लागलेल्या ओठाला काय सांगायचं?

महिन्याभरानं इको सुधारला. डॉक्टरबाई म्हणाल्या, करू सुरू. आपांनी माझी खुर्ची धरून ठेवली होती. "आ गए बाजी? डब्बे में क्या है?" समोरच्या इमारतीवर गच्चीच्या टाकीचं काम चाललं होतं. सलाईन सुरू झालं तेव्हा मला इतकं बरं वाटलं की त्या बरं वाटण्याचीच भीती वाटली.

तेव्हापासून दर आठवड्याच्या माझ्या कामांमध्ये एक काम पुढं ढकललं जातंय: आत्याबाईंना सांगणे. एकदा पोळ्याला ठरवलं होतं, पण त्यांना ताप होता. दिवाळीला ठरवलं, तर त्या माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, "आता कशी, माय, पैल्यासारखी दिसायलीस." संक्रांतीला त्यांनी मला वाण दिलं ते चहाची गाळणी. मी ती पदरात घेतली. गावाला जाण्याच्या तारखा डोसच्या तारखांना टेकू द्यायच्या नाहीत, एवढं वेळापत्रक मात्र मी काटेकोर सांभाळलं.

या वर्षी ते जमलं नाही. गावाला पुन्हा टँकर सुरू झाला, वाकून घागर उचलणं आता त्यांना होत नाही, म्हणून दिरांनी त्यांना आमच्याकडे आणून सोडलं. आणि उद्या माझा डोस आहे. दोन दिवस मी मनाशी जुळवत होते. शाळेत मीटिंग म्हणावं, की बोर्डाचं काम? सुट्टीत कसली मीटिंग? यांना म्हटलं, "काय सांगू?" हे म्हणाले, "बँकेत जातेय म्हण." पाच तास बँकेत कोण बसतं, हे त्यांना मी विचारलं नाही.

आज पाणी आलंच नाही. ड्रममधलं जुनं पाणी पुरवायचं ठरलं. समोरच्या घरातल्या वहिनी ओरडून सांगत होत्या की नव्या टॉवरमध्ये मात्र सकाळपासून टँकर उभा आहे. वॉर्डातल्या माझ्या खिडकीतली ती इमारत आता राहती झाली आहे, तिच्या गॅलऱ्यांत कपडे वाळतात. ती पूर्ण होऊन गेली आणि मी अजून जातेच आहे.

दुपारी आमरस केला होता. आत्याबाईंनी वाटी बाजूला सारली. आल्यापासून त्या असंच करतायत. पहिल्या दिवशी म्हणाल्या, दातात झिणझिण्या येतात. मग म्हणाल्या, उष्ण पडतो. आज नुसतंच "नगं" म्हणाल्या. मी म्हटलं, "आत्याबाई, तुम्हाला तर केसर लई आवडतो." आमच्या घरात मीसुद्धा त्यांच्याशी बोलताना लई म्हणते.

"आवडतो, व्हय," त्या म्हणाल्या. "म्हून तर."

हे त्यांची वाटी पण संपवून मोकळे झाले. मी त्या "म्हून तर"पाशी अडकून राहिले, पण तेवढ्यात दारात भाजीवाली आली.

संध्याकाळी मी उद्याची पिशवी भरत होते. फाईल, शाल, डबा. फाईलची पहिली पानं शहराच्या जुन्या नावाची आहेत, वरची नव्या नावाची. पिशवी मी आतल्या खोलीत, दार लोटून भरत होते. आत्याबाई दार ढकलून आत आल्या, पलंगाच्या कडेला टेकल्या आणि मेथीची जुडी मांडीवर घेऊन निवडायला लागल्या.

"थर्मास हाय का गं तुमच्याकडं?"

"आहे. माळ्यावर. का हो?"

"काढून ठिव. उद्या जाताना च्या देते भरून. तिथला पांचट असतो." दोन काड्या खुडल्या. "तुझ्या त्या आपाला बी दे घोटभर."

माझ्या हातात शाल होती. आपांचं नाव मी त्यांच्यासमोर कधी घेतलेलं नाही. परवा आपांशी फोनवर बोलले ते गॅलरीत, हळू आवाजात. की दिरांनी सांगितलं? की यांनी? की त्या दिवाळीला केसांवरून हात फिरवतानाच त्यांना समजलं होतं, आणि संक्रांतीची ती गाळणी? मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्या मेथीकडे बघत होत्या.

"आत्याबाई," मी म्हटलं.

"काय?"

"काही नाही."

"मग शाल दुमड की नीट. बोळा कामून करायलीस?"

मी शाल दुमडली. त्या जुडी संपवून, काड्या पदरात गोळा करून उठून गेल्या. त्या चहा पितात, म्हणजे नवस फिटला असं त्यांनी धरलंय. डोस चालू आहेत हेही त्यांना माहीत आहे. आणि ऐन मे महिन्यात केसर आंबा त्या खात नाहीत. या तिन्ही गोष्टी मी एका ओळीत लावून बघितल्या, उलट्या लावून बघितल्या. मागच्या वेळी डोस संपावेत म्हणून त्यांनी चहा सोडला होता. या वेळी आंबा खरंच सोडला असेल, तर कशासाठी? संपावेत म्हणून, की चालू राहावेत म्हणून? की खरोखरच दात दुखतायत?

सांगायचं काम बहुधा आता माझ्याकडे राहिलेलं नाही. विचारायचं राहिलंय. आणि थर्मास अजून माळ्यावरच आहे. तो काढून, ड्रममधलं जुनं पाणी घेऊन, विसळून ठेवायचा आहे.